एका सत्रापुरतं गाव

ट्यूबिंगन हे जर्मनीच्या नैर्ऋत्येकडचं, नेकार नदीकाठचं, साधारण नव्वद हजार वस्तीचं गाव. तिथलं विद्यापीठ 1477 सालचं. योहानेस केप्लर इथेच शिकला. गावावरच्या किल्ल्यातल्या जुन्या मुदपाकखान्यात पुढे प्रयोगशाळा झाली आणि 1869 साली फ्रीडरिश मीशर या तरुण संशोधकाने तिथे एक नवा पदार्थ वेगळा काढला. आज आपण त्याला डीएनए म्हणतो. अशा या गावात दर ऑक्टोबरमध्ये जगभरातून ‘एक्स्चेंज’चे विद्यार्थी उतरतात आणि त्यांत भारतातली मुलंही असतात. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता भारतीयांचा गट सगळ्यात मोठा आहे. 2023-24 मध्ये त्यांची संख्या सुमारे 49 हजार होती.

यातले बहुतेक पूर्ण पदवीसाठी गेलेले असतात. एक्स्चेंजवर गेलेल्याची गोष्ट वेगळी. तो सहा महिने, फार तर वर्षभर राहणार आणि पदवी घ्यायला परत आपल्याच कॉलेजात येणार. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून 2017 पासून प्रत्येक सत्राला 1500 युरो शुल्क घेतं. दोन विद्यापीठांत करार असेल तर ते माफ होतं. म्हणजे पैशाची एक मोठी बाजू सुटते. वेळ मात्र फारच थोडा असतो. व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपतात. मधली नाताळची सुट्टी वजा केली की हातात साधारण पंधरा आठवडे उरतात. एवढ्या वेळात परक्या गावात घर मांडायचं, अभ्यास करायचा आणि माणसंही जोडायची. गावाची चाकं कशी फिरतात हे आधी कळलं, तर यातले बरेच तास वाचतात. ते वाचवायला हवेत, कारण खरा उपयोग त्यांचाच आहे.

चाक फिरू लागतं ते पत्रपेटीपासून. जर्मनीत सरकारी आणि बँकेची कामं अजूनही मोठ्या प्रमाणात कागदी पत्रांनी चालतात. बँक कार्ड एका लिफाफ्यात पाठवते आणि त्याचा पिन दुसऱ्या लिफाफ्यात, वेगळ्या दिवशी. कर ओळख क्रमांक, विम्याचं कार्ड, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची तारीख हे सगळं पोस्टाने येतं. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव पाहतो. ते नसेल तर पत्ता बरोबर असूनही पत्र परत जातं. आपल्याकडे कुरिअरवाला फोन करतो, वॉचमन पार्सल ठेवून घेतो, शेजारच्या काकू सही करतात. त्या सवयीत वाढलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून पेटीला चिकटवणं हे महत्त्वाचं काम वाटत नाही. मग तीन आठवड्यांनी बँकेचं कार्ड का आलं नाही, याचा शोध सुरू होतो.

दुसरी गोष्ट नोंदणीची, म्हणजे ‘आनमेल्डुंग’ची. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात आपला पत्ता नोंदवायचा असा कायदाच आहे, आणि तो जर्मन नागरिकांनाही लागू आहे. नुसतं भाडेपत्र दाखवून भागत नाही. नोव्हेंबर 2015 पासून घरमालकाने सही केलेलं वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्यात हा माणूस अमुक तारखेला इथे राहायला आला असं लिहिलेलं असतं. खोट्या पत्त्यांवर नोंदण्या होत होत्या, त्यांना आळा घालण्यासाठी ही अट आली. विद्यार्थी वसतिगृहात, म्हणजे ‘वोनहाइम’मध्ये, खोली असेल तर हा कागद व्यवस्थापनाकडून सहज मिळतो. कुणाच्या तरी घरात पोटभाडेकरू म्हणून राहिलेल्यांची इथेच अडचण होते. ‘नोंदणी करता येणार नाही’ असं सांगणारी स्वस्त खोली म्हणूनच शेवटी महाग पडते. नोंदणी नाही तर पुढची साखळी अडते: राहण्याचा परवाना, कर क्रमांक, बहुतेक ठिकाणी बँक खातं आणि मोबाइलचा करारसुद्धा.

आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नाव दाखल होत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यासाठी सार्वजनिक विमा महिन्याला साधारण 140 युरोंच्या आसपास पडतो. व्हिसासाठी महिन्याला 992 युरो या हिशेबाने खर्चाची सोय दाखवावी लागते. शिष्यवृत्ती नसेल तर ही रक्कम ‘श्पेरकोंटो’ या गोठवलेल्या खात्यात आधीच भरायची आणि दर महिन्याला ठरलेला हप्ता काढायचा. नोंदणीची माहिती पुढे सार्वजनिक रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणी खात्याकडेही जाते आणि थोड्या दिवसांनी त्यांचं पत्र येतं: दर महिन्याला 18.36 युरो. आपल्याकडे टीव्हीच नाही, हे उत्तर चालत नाही, कारण वर्गणी घरामागे आहे. एका फ्लॅटमध्ये चौघं राहत असतील तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायची. नवख्या मुलांना हे पत्र फसवणुकीचं वाटतं आणि ती ते बाजूला टाकतात. थकबाकी वाढत जाते.

हे वाचून कुणाला धास्ती वाटेल. मला या व्यवस्थेबद्दल आदर वाटतो, आणि त्याचं कारण सांगायला हवं. यात कुणाची ओळख लागत नाही. कुणाच्या मामांना फोन करावा लागत नाही. कोणत्या कामाला कोणते कागद लागतील ते आधीच लिहिलेलं असतं, आणि ते कागद घेऊन ठरलेल्या वेळी गेलात की काम होतं. परक्या देशातल्या एकट्या मुलीसाठी ही फार मोठी समता आहे. फक्त क्रम पाळावा लागतो आणि आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडावं लागतं.

आता स्वयंपाकघर. तयारी इथे भारतातल्या बॅगेपासूनच सुरू होते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. घरचं तूप, पेढे, खवा हे सगळं त्यात येतं. ताजी फळं आणि पालाही रोपस्वास्थ्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. आंबा नाही, कढीपत्ता नाही. ज्या मोजक्या फळांना या अटीतून सूट आहे त्यांत नारळ मात्र आहे. गोडा मसाला, हिंग, कोकम, डाळी यांना हरकत नसते. तुपाची काळजी करू नये. जर्मन लोण्यात स्निग्धांश किमान 82 टक्के असतो. पाव किलोची वडी मंद आचेवर कढवली की अर्ध्या तासात उत्तम तूप होतं.

पिठाचं गणित वेगळं आहे. तिथल्या पिठाच्या पुड्यावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजं, उरतात ते हा आकडा सांगतो. कोंडा जास्त असेल तर राख जास्त. 405 हे आपल्या मैद्याच्या जवळचं, त्याच्या पोळ्या चिवट होतात. 1050 मध्ये थोडं पूर्ण गव्हाचं पीठ मिसळलं तर निभावतं. तुर्की किंवा भारतीय दुकानात कणीक मिळते. याच तुर्की दुकानांत कोथिंबिरीची जुडी, भेंडी आणि मसूर मिळतात, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवावीत. कुकर नेताना शेगडी कोणती ते विचारावं. काचेच्या साध्या विजेच्या शेगडीवर अॅल्युमिनियमचा कुकर चालतो, इंडक्शनवर चालत नाही. तिथे चुंबक चिकटेल असं बूड लागतं.

फोडणीचा प्रश्न खरोखरच गंभीर आहे. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये झोपायच्या खोल्यांत धूर ओळखणारी यंत्रं बसवणं बंधनकारक आहे. स्वयंपाकघरासाठी तसा नियम नाही. पण एकाच खोलीत पलंग आणि शेगडी असेल तर तीच खोली झोपायची ठरते, आणि यंत्र मोहरीच्या बरोबर वर येतं. सामायिक स्वयंपाकघर असलेलं वसतिगृह मी सुचवतो. हे त्याचं पहिलं कारण, पण सगळ्यात महत्त्वाचं नव्हे. ते पुढे येईल.

हिवाळ्यातली हवा हा तर स्वतंत्र विषय आहे. ‘दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडा’ अशी सूचना घरमालक देतो, भाडेपत्रातही लिहितो. बाहेर शून्य अंश असताना हे विचित्र वाटतं. पण त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. वीस अंशांची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे 17 ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते, शून्य अंशाची हवा फक्त 5 ग्रॅम. म्हणजे बाहेरची हवा दमट वाटली तरी आत येऊन तापली की कोरडी होते. जर्मन खिडक्या दुहेरी काचेच्या आणि घट्ट बंद होणाऱ्या. भात शिजवला, आंघोळ केली, खोलीतच कपडे वाळत घातले की ते सगळं बाष्प आतच कोंडतं आणि थंड भिंतीवर पाणी होऊन बसतं. आठवड्याभरात कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवली तर आणखी वाईट, कारण आजूबाजूची भिंत गार पडते आणि तिथेच पाणी धरतं. पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची, हवा बदलून घ्यायची आणि बंद करायची. भिंत तेवढ्यात गार होत नाही. आपल्याकडे ओल पावसात बाहेरून आत येते, तिथे ती हिवाळ्यात आत तयार होते. पुणे-मुंबईची मुलं म्हणून सुरुवातीला उलट वागतात: गारठा नको म्हणून सगळं बंद ठेवतात. बुरशीची दुरुस्ती मग अनामत रकमेतून वळती होण्याची वेळ येते.

कचऱ्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. कागद, वेष्टनं, ओला कचरा आणि उरलेलं असे चार भाग. काचेसाठी रस्त्यावर वेगळे डबे, पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेचे, आणि त्यांत रविवारी किंवा रात्री बाटल्या टाकायच्या नाहीत, आवाज होतो. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि पेयाच्या डब्यावर 25 सेंट अनामत असते, बीअरच्या काचेच्या बाटलीवर 8 सेंट. सुपरमार्केटमधल्या यंत्रात रिकाम्या बाटल्या घातल्या की पावती मिळते, ती खरेदीत वजा होते. ट्यूबिंगनने आणखी एक पाऊल टाकलं. 1 जानेवारी 2022 पासून तिथे वापरून फेकायच्या कपावर किंवा खाण्याच्या डब्यावर 50 सेंट आणि चमच्या-काट्यावर 20 सेंट कर लागू झाला. या कराविरुद्धचा खटला घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने कर वैध ठरवला. एवढ्याशा गावाने देशभरातल्या शहरांसाठी वाट मोकळी केली, आणि तिथे सहा महिने राहिलेला विद्यार्थी नकळत त्या प्रयोगाचा भाग होतो. पिशवीत स्वतःचा कप असला की पुरतं.

रविवार मात्र शिकावा लागतो. दुकानं बंद. सुपरमार्केट बंद. बेकरी सकाळी काही तास, स्टेशनवरची आणि पेट्रोल पंपावरची दुकानं तेवढी उघडी. यामागे नुसती प्रथा नाही, संविधान आहे. 1919 च्या वायमार संविधानातल्या 139 व्या कलमाने रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिलं आणि 1949 च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं आपल्यात घेतलं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायचं ठरवलं तेव्हा 2009 मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते थांबवलं. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, गडबड करायची नाही. शनिवारी भाजी-दूध भरून ठेवलं की रविवार मोकळा मिळतो. आणि घरी फोन करायला यासारखा दिवस नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि भारताशी अंतर साडेतीनऐवजी साडेचार तास होतं. तिथे संध्याकाळी सहाला तास सुटतो तेव्हा घरी साडेदहा वाजलेले असतात, आई-बाबा झोपायच्या तयारीत. रविवारी दुपारी बाराला मात्र घरी चहाची वेळ असते.

वर्गात दोन-तीन गोष्टी लवकर कळल्या तर बरं. वेळापत्रकात ‘10 सी.टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. ही विद्यापीठांची जुनी रीत आहे. ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. डॉक्टरकडे किंवा सरकारी कार्यालयात ही सवलत नाही. गुण उलटे: 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 नापास. युरोपीय श्रेयांकाच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे 25 ते 30 तासांचं काम, यात घरचा अभ्यासही धरलेला. पूर्ण सत्राचे तीस होतात. एक्स्चेंजवर गेलेल्याने तीसच्या मागे लागू नये असं मला ठामपणे वाटतं. आपलं कॉलेज किती आणि कोणते विषय मान्य करणार ते निघण्याआधी लेखी घ्यावं आणि तेवढेच चांगले करावेत. परीक्षेसाठी बहुधा वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची तारीख कुणी आठवण करून देत नाही. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या मिनिटापासून अरे-तुरे करतात. प्राध्यापकांशी मात्र अहो-जाहो, आडनावासह. व्याख्यान संपलं की सगळे बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, ती टाळ्यांची जागा.

नोव्हेंबरात कागदपत्रं संपतात, आणि पहिल्यांदाच मन रिकामं होतं. कार्यालयांच्या धावपळीत एक प्रकारचा आधार असतो, रोज काहीतरी पार पडतं. ते संपल्यावर महिनाअखेरीस साडेचारला अंधार पडू लागतो. डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवशी तिथे सव्वाआठ तासांच्या आसपास उजेड असतो, त्याच दिवशी पुण्यात अकरा तास. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास केला आणि जुळवून घेण्याची रेघ आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर जाते असं मांडलं. पुढे 1998 मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांवर ते तपासलं, तेव्हा सुरुवातीचा उत्साहाचा काळ सापडलाच नाही. सगळ्यात जड काळ अगदी पहिलाच होता. दोन्ही अभ्यासांतून मी एवढंच घेतो की कुणाची रेघ कशी जाईल ते सांगता येत नाही, आणि नोव्हेंबरात उदास वाटलं तर आपलं काही चुकलं असं समजू नये. दुपारच्या उजेडात तासभर बाहेर पडावं. फारच जड झालं तर विद्यार्थी कल्याण मंडळाची समुपदेशन सेवा असते, तिचा लाभ संकोच न करता घ्यावा. अंगावर दुखणं आलं आणि दवाखाना बंद असला तर 116117, जिवावरचं असेल तर 112.

माणसं जोडण्याचा हिशेब मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये एक अभ्यास मांडला. त्यांच्या अंदाजाने ओळखीच्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात, मैत्री व्हायला 90, आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त. हे आकडे काट्याचे मानू नयेत, पण ते पंधरा आठवड्यांवर ठेवून पाहा. आठवड्यातून एकदा दोन तासांचा सेमिनार म्हणजे सत्रभरात 30 तास, आणि त्यातही आपण व्याख्यात्याकडे पाहत असतो. त्यामुळे ‘जर्मन मुलं थंड असतात, कुणी मित्रच झाला नाही’ ही परत आलेल्यांची तक्रार मला अन्यायाची वाटते. त्यांचे मित्र आधीपासून आहेत आणि तुमच्यासोबत त्यांचे पन्नास तासही झालेले नाहीत. एक्स्चेंजची मुलं आपसांत पटकन जुळतात तीही याच कारणाने. पहिल्या आठवड्यात ती दिवसभर एकत्र असतात, एकाच रांगेत उभी राहतात, आणि कुणालाच आधीचे मित्र नसतात.

तास साठतील अशा जागा म्हणून निवडाव्या लागतात. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वर्ग अतिशय स्वस्त असतात आणि नोंदणी उघडली की लोकप्रिय वर्ग भराभर भरतात. तिथे आठवड्यातून दोनदा तीच माणसं भेटतात. गायनवृंद, गिर्यारोहणाचा गट, दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवायची ‘टांडेम’ जोडी, यांतलं एकच धरावं आणि सोडू नये. सगळीकडे एकेकदा जाऊन काहीच साठत नाही.

पण या सगळ्यांत तासांची खरी पेटी म्हणजे सामायिक स्वयंपाकघर. रोजची चाळीस मिनिटं धरली तरी सत्रात साठ-सत्तर तास होतात, आणि त्यासाठी कुठे जावं लागत नाही. ट्यूबिंगनच्या या श्वाबेन परिसरात पाळीपाळीने जिना झाडण्याची ‘केअरवोखे’ नावाची रीत आहे, वसतिगृहात तिचं रूप म्हणजे भिंतीवरचं सफाईचं वेळापत्रक. आपली पाळी चुकवली नाही की निम्मं काम झालं, कारण तिथे विश्वास याच्यावर ठरतो. उरलेलं काम जेवणाने होतं. ऑक्टोबरात गेलेल्यांचा गणेशोत्सव मागे राहिलेला असतो, पण दिवाळी पहिल्याच काही आठवड्यांत येते आणि सुट्टी नसते. त्या संध्याकाळी एकट्याने खोलीत व्हिडिओ कॉलवर रडण्यापेक्षा स्वयंपाकघरात पोह्यांचा चिवडा करावा आणि मजल्यावरच्या सगळ्यांना बोलवावं. म्युनिकसारख्या मोठ्या शहरात महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे जावंसं वाटणं स्वाभाविक आहे आणि एखाद्या वेळी जरूर जावं. पण दर शनिवार-रविवार गाडीत आणि मराठी घरांत गेला, तर तुमच्या मजल्यावर तुम्ही फेब्रुवारीतही नवखेच असाल.

निघतानाचा क्रमही ठरलेला आहे आणि परीक्षेच्या गडबडीत तो राहून जातो. देश सोडताना नगरपालिकेतली नोंदणी रद्द करावी लागते, निघण्याच्या आठवडाभर आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत. त्या कागदाच्या आधाराने रेडिओची वर्गणी थांबवायची आणि विमा बंद करायचा. बँक खातं लगेच बंद करू नये. अनामत रक्कम, जी कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त नसते, खोली तपासून झाल्यावर काही आठवड्यांनी त्याच खात्यात येते. निघताना खोलीचे फोटो काढून ठेवावेत, कपाटामागच्या भिंतीचेसुद्धा. गुणपत्रिका विद्यापीठाकडून येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो, म्हणून भारतातल्या कॉलेजला तशी कल्पना आधीच द्यावी. आणि पत्रपेटीवरची नावाची चिठ्ठी काढायच्या आधी, उशिरा येणारी पत्रं उघडून फोटो पाठवायला मजल्यावरचं कुणीतरी तयार आहे ना, ते विचारून घ्यावं.